रोजचा शिधा

बाबा जॉबर झाले आणि मिल बंद पडली.
मध्ये फक्त तीन महिने. यहोयाखीननंही
यरुशलेमात राज्य केलं ते तेवढंच,
वर दहा दिवस.
बाबा म्हणायचे, त्या दहा दिवसांपुरता
तो मला सीनियर.

परदेशीपुऱ्यातली खोली. भिंतींना भोंग्याची सवय होती,
तो थांबल्यावरही काही दिवस
पहाटे पाचला त्या हादरायच्या,
असं आई सांगते. मी लहान होते.
मला आठवतो तो पितळी बिल्ला, एकवीसशे चौदा,
गेटवर जमा करायचा, तो बाबांनी केला नाही.
आयुष्यातली एवढी एक चोरी,
तीही पाळकसाहेबांना सांगून टाकलेली.
शास्त्रात ठेवला, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या
अगदी शेवटच्या पानावर.
तिथे आता हिरवट गोल उमटलाय.

राजा चांगला नव्हता, हे बाबा लपवत नसत.
संडे स्कूलच्या पोरांना सरळ सांगायचे,
अठराव्या वर्षी गादीवर बसला
आणि बापाच्याच वळणावर गेला.
देव म्हणाला, हा माझ्या उजव्या हातातली मुद्रिका असता
तरी उपसून फेकला असता.
आणि फेकलाच. आईसकट, बायकांसकट, बाबेलात.
सदतीस वर्षं कैद.
"मग दावीदाला दिलेल्या शब्दाचं काय, अंकल?"
खंडारेंच्या अबनेरनं विचारलं होतं.
बाबांनी खडू खाली ठेवला.
"तेच बघत बसलोय रे मीपण."

हायकोर्टात तारखा पडत होत्या.
कामगारांचं देणं निघतं हे सगळ्यांना मान्य,
वकिलालाही, फाईललाही.
मिश्रीलाल सेठच्या दुकानात
आई पिशवी पुढे करायची, काही न बोलता,
तो लाल वहीत लिहायचा, मान वर न करता:
पीठ, तूरडाळ, छटाकभर तेल.
"हो जाएगा, भाभी."
कुणाचं काय होणार होतं, त्यानं कधी सांगितलं नाही.

एकदा कुठल्याशा रद्दीतल्या मासिकात बाबांना दिसलं,
बाबेलच्या ढिगाऱ्यात मातीच्या पाट्या सापडल्यात,
कोठाराचा हिशेब:
यहूदाच्या राजाला तेल, इतकं.
त्याच्या पाच पोरांना, इतकं.
बाबा उठूनच उभे राहिले.
"अगं, ही तर मिश्रीलालची वही!"
तेवढं हसताना मी त्यांना
पुन्हा पाहिलं नाही.

कारण पुस्तक संपतं ते तसंच.
मंदिर परत मिळत नाही. गादीही नाही.
एक नवा राजा दार उघडायला लावतो,
कैद्याचे कपडे उतरतात,
आणि पुढे ताट येतं, रोजचं रोज, मरेपर्यंत.
करार त्यानं मोडला होता, यहोयाखीननं.
वाढणाऱ्यानं तो मोडला नव्हता.
हे मी म्हणते. बाबा इतकं ठाम कधी म्हणाले नाहीत,
ते नुसतं पान उघडं ठेवून बसायचे,
तारखेहून परतल्यावर, चपला न काढता.

पैसे आले तेव्हा बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.
आई बँकेतून थेट दुकानात गेली.
सेठही नव्हते. त्यांच्या मुलानं वही काढली,
चष्मा लावून बेरीज केली, दोनदा,
एक रुपया सोडला नाही,
आणि निघताना कागदात बांधून दिली
शंभर ग्रॅम लौंग सेव. "ये मेरी तरफ से."
आई रिक्षात रडली, सेव खात.

हाग्गयापर्यंत बाबा पोचलेच नाहीत.
तिथे त्याच राजाच्या नातवाला
देव म्हणतो, तू माझी मुद्रिका.
उपसून फेकलेली तीच, परत बोटात.
मी हे उशिरा वाचलं,
एका मंगळवारी, कुकरच्या शिट्ट्या मोजताना.

परवा माझ्या मुलानं शास्त्र चाळलं,
बिल्ला त्याच्या तळहातावर पडला.
पँटला घासून चमकवला, उजेडात धरला.
"आई, हा नंबर कुणाचा?"
मी पानं वाढत होते.
म्हटलं, बस आधी. सांगते.